गयामावशीचा टीव्ही

"एवढ्या घाईनं वळू नको गं," माझ्या वेणीत गजरा खोचत गयामावशी म्हणाली. "मुकादमापुढं बसलीस का तू? पाव्हन्यांना हात दिसला पाहिजे."

मी मांडीवर सूप घेऊन बसले होते. सुपात कापलेली पानं, वाटीत तंबाखू, बाजूला दोऱ्याचं रीळ. इतर गावांत मुलगी बघायला आले की चालून दाखव, नाव लिहून दाखव म्हणतात. सिन्नरच्या अलीकडे आमच्या खैरदरीत निम्म्या घरांच्या चुली बिड्यांवर पेटायच्या, तेव्हा मुलीला बिड्या वळायला बसवायचे. नाक-डोळे कितीही नीटस असोत, बोटं मंद दिसली की पाहुणे पोहे खाऊन "कळवतो" म्हणायचे आणि कधीच कळवायचे नाहीत. माझी बोटं मंद नव्हती. एकोणिसाव्या वर्षी माझ्यात तेवढी एकच गोष्ट मिरवण्यासारखी होती.

बाकी त्या दिवशी आमच्या घरात मिरवण्यासारखं पुष्कळ होतं. कोनाड्याखाली टेबलावर टीव्ही, त्याच्यावर विणलेला रुमाल. टेबलपंखा. घडीच्या चार लोखंडी खुर्च्या. चुलीच्या जागी गॅसची शेगडी आणि सिलिंडर. भिंतीवर घड्याळ. ते लावायला आईनं सकाळी नवा खिळा ठोकला होता, कारण आमच्या भिंतीला तोवर खिळ्याची गरजच पडली नव्हती. यातली एकही वस्तू आमची नव्हती. टीव्ही, पंखा आणि घड्याळ गयामावशीचं, गॅस कोपऱ्यावरच्या वाघांच्या सुनेचा, खुर्च्या अशाच कुणाकुणाच्या.

यात लाजण्यासारखं काही नव्हतं. आमच्या गल्लीची ती रीतच होती. ज्या घरात मुलगी बघायला येणार, त्या घरात गल्लीतलं चांगलंचुंगलं सामान आदल्या दिवशी जाऊन बसायचं आणि पाहुणे गेले की आपापल्या घरी परतायचं. वाघांच्या धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडचा एकुलता एक तांब्याचा हंडा त्यांच्याकडे जाऊन आला होता. पण आमच्या वेळी गल्लीला औदार्याचं जरा जास्तच भरतं आलं होतं. न मागता वस्तू येत होत्या. त्याला कारण होतं.

त्या आठवड्यात दारिद्र्यरेषेची पाहणी होती. दुसऱ्या गावचे एक गुरुजी घरोघर येऊन प्रश्न विचारणार, घरातल्या वस्तू बघणार आणि गुण देणार. जेवढे गुण कमी तेवढा माणूस गरीब. नाना, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "जन्मात पहिली परीक्षा अशी आली का जिच्यात नापास व्हायचंय, आन तिच्यातबी लोक कॉप्या करतेत."

कॉपी म्हणजे काय, तर ज्याच्या घरात जे असेल ते पाहणीपुरतं हलवायचं. कुणी माहेरी, कुणी मळ्यात. नाना हसून बोलायचे, पण आमच्याइतकी गरज त्या परीक्षेची कुणालाच नव्हती. कांद्याच्या बाजारात हमाली करता करता नानांना धाप लागायला लागली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप अरुंद झालीय, ऑपरेशनशिवाय इलाज नाही. ऑपरेशनचा आकडा ऐकून आई तिथल्या बाकावर खालीच बसली. मग डॉक्टरच म्हणाले, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर सरकार करतं, एक पैसा लागत नाही. जुन्या यादीत आमचं नाव नव्हतं, कारण तेव्हा नाना दोन-दोन गोण्या पाठीवर घेणारा धडधाकट माणूस होते. आता नवी यादी होणार होती. आईनं त्या यादीवर देव पाण्यात घालून ठेवले होते.

पाहणी गुरुवारी. माझ्या बघण्याचा कार्यक्रम मंगळवारी. हे गणित गयामावशीनंच जमवलं होतं.

"ठके, तुझं घर भरलेलं दिसंल, माझं घर रिकामं ऱ्हाईल," ती आईला म्हणाली होती. "बुधवारी माझा भाऊ टेम्पो घेऊन येतोय, त्यात टाकून देईन समदं. गुरुवारी मास्तर आला का तुझ्याकडं मडकी आन माझ्याकडंबी मडकी."

आईला ते पटलं. त्या दोघी एकाच वर्षी लग्न होऊन खैरदरीत आल्या होत्या, एकाच कारखान्याच्या बिड्या वळत होत्या. गयामावशीच्या घराची मागची भिंत दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात बसली होती, तिथं ताडपत्री होती. यादीत नाव लागलं की सरकारी घरकुल मिळेल, ही तिची आस. तो टीव्हीही काही तिनं विकत घेतला नव्हता. भावानं नवा घेतला तेव्हा जुना बहिणीला दिला होता.

पाहुणे दहाच्या गाडीनं आले. मुलगा, त्याचा मामा आणि आत्या. मुलाचं नाव भास्कर. एमआयडीसीतल्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता आणि पुढच्या वर्षी कायम होणार होता. त्या काळात आमच्याकडे येणारा प्रत्येक मुलगा पुढच्या वर्षी कायम होणार असायचा. पण हा बरा वाटला मला. पाणी पिऊन झाल्यावर पेला तसाच न ठेवता उठून मोरीपाशी ठेवून आला. मी मान खाली घालून ते पाहिलं आणि मला तो आवडला, हे सांगून टाकते.

आत्या माझ्यासमोरच मांडी घालून बसली. मी वळलेली एक बिडी तिनं उचलली, दोन्ही टोकं दाबून पाहिली, नाकाशी नेली.

"हिच्या हातची छाट निघायची नाय," ती मामाला म्हणाली.

छाट म्हणजे तपासणीत बाजूला काढलेला माल. बिडी सैल आहे, पान फाटलंय असं म्हणून मुकादम ओंजळभर बिड्या बाजूला टाकायचा. त्याची मजुरी नाही, आणि बिड्याही परत नाहीत.

"पान-तंबाखू मिळायचं बिडीचं कार्ड पोरीच्या नावावर हाये का आईच्या?" आत्यानं विचारलं.

"माझ्या. पण लग्नानंतर तिच्या नावाचं करून देऊ, मुकादमाशी बोलनं झालंय," आई म्हणाली. तिच्या आवाजात मी कितीतरी महिन्यांनी उजेड ऐकला.

मामानं खुर्चीत टेकून घरभर नजर फिरवली. टीव्हीवर थांबली, गॅसवर थांबली. "ठीक हाये," तो म्हणाला. "नाना, आमाला हुंड्याचा सोस नाय. घर खाऊनपिऊन सुखी पाहिजे, येवढंच."

नानांनी हात जोडले. आणि त्याच वेळी दारातून आवाज आला.

"दगडू महादू वालझाडे यांचं घर हेच का?"

दारात काखेत फाइल धरलेले एक गृहस्थ उभे होते. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आई जागच्या जागी गोठली.

"मी पाहणीचा. सोनवणे गुरुजी. गुरुवारी मला मतदारयादीच्या कामाला लावलंय, म्हणून म्हटलं ही गल्ली आजच उरकून घ्यावी." पाहुणे पाहून ते थबकले. "पाहुणे आहेत का? बसा, बसा. माझे दोन-चारच प्रश्न."

दोन-चार नव्हते. गुरुजी चौकटीपाशीच टेकले, फाइल गुडघ्यावर ठेवली आणि आमच्या इज्जतीचे एकेक पदर सोडायला लागले. जमीन किती? नाही. संडास? नाही. माणशी कपडे किती? आईनं पाहुण्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "हायेत की. सनासुदीला घेतो." गुरुजींनी खूण केली.

"दोन्ही वेळचं जेवण होतं का? वर्षभर?"

त्या महिन्यात आमचं रात्रीचं जेवण म्हणजे चहा-भाकरी होती, आणि आई त्यातली भाकरी नानांना द्यायची. खरं उत्तर दिलं तर एक गुण वाचत होता. आत्या आईच्या तोंडाकडं बघत होती.

"होतं," आई म्हणाली.

नानांनी मान खाली घातली. मी बिडी वळत राहिले, कारण काय करायचं ते मला सुचत नव्हतं. दोरा दोनदा तुटला.

मग गुरुजी उठले. टीव्हीजवळ गेले, रुमाल वर करून पाहिला.

"रंगीत?"

गुरुजींनी लिहिलं. पंखा. लिहिलं. गॅस. लिहिलं. तेवढ्यात नानांना धाप लागली. उन्हाळ्यात कुत्रं धापतं तसा आवाज यायचा त्यांच्या छातीतून. खुर्चीची दांडी धरून ते श्वास ओढायला लागले. आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी आजही विसरलेले नाही. तिनं त्या नजरेत माझी माफी मागून घेतली होती.

"गुरुजी, ते खोडा," ती म्हणाली. "त्यातलं काहीच आमचं नाय. पोरीला बघायला पाव्हने येनार म्हणून गल्लीतून मागून आनलंय. हे घड्याळबी. हे माझ्या अंगावरचं लुगडंबी."

मामाची टेकलेली पाठ खुर्चीपासून सुटली.

गुरुजी हसले नाहीत, चिडलेही नाहीत. दमलेला माणूस बोलतो तसं बोलले. "ताई, मघापासून या गल्लीत आठ घरं केली. आठही घरांत भिंतीला खिळा आहे आणि घड्याळ नाही. टेबल आहे, टेबलावर चौकोनी डाग आहे, आणि टीव्ही नाही. मला कळत नाही असं समजू नका. पण मला समोर दिसतं तेच लिहावं लागतं. आणि समोर दिसतंय ते तुमच्याच घरात."

"पन ज्याचं त्याला इचारा की! ह्या काय, ह्या गयाबाईचा टीव्ही हाये. गये, सांग गं."

पाहणीवाला आलाय म्हटल्यावर दाराशी बायका जमल्याच होत्या; पाहुण्यांदेखत आत येऊन आईला सावध करणं कुणाला जमलं नव्हतं. गयामावशी अगदी पुढं होती, माझ्या गजऱ्यातला उरलेला दोरा अजून तिच्या बोटाला गुंडाळलेला होता. वाघांची सून तिच्या मागं होती. आईनं बोट केलं तशी सून मागच्या मागं दिसेनाशी झाली.

"तुमचं घर कुठलं?" गुरुजींनी विचारलं.

"ते काय, ताडपत्रीचं."

"हो, झालं ते. मघाशी तुम्ही टीव्ही नाही म्हणून सांगितलंत. हा टीव्ही तुमचा आहे का? तुमचा असेल तर तसं लिहितो. यांच्याकडचा खोडतो, तुमच्याकडं लावतो."

गयामावशीनं टीव्हीकडं पाहिलं. मग नानांकडं. नाना अजून धापत होते.

"नाय ओ गुरुजी," ती म्हणाली. "माझ्याकं कुठला टीव्ही?"

आईचं बोट अजून दाराकडं होतं, ते तिनं सावकाश खाली घेतलं.

मामा उठला. पायात वहाणा सरकवता सरकवता म्हणाला, "पोरगी तरी तुमचीच का, का तीबी मागून आनलीय?"

आत्यानं त्याला "चला आता" म्हणून दटावलं, पण ती हसू दाबत होती. भास्करनं माझ्याकडं एकदा पाहिलं. काहीतरी बोलेल असं मला वाटलं. त्यानं बुटाची नाडी बांधली, ती नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा बांधली, आणि मामाच्या मागोमाग गेला. माझ्या सुपात तोवर चांगल्या शंभरेक बिड्या झाल्या होत्या. मी त्या तशाच वळत होते.

नानांचा श्वास जरा जागेवर आला. ते म्हणाले, "गुरुजी, बसा. चहा घ्या. चहा तरी आमचाच हाये."

गुरुजींनी चहा घेतला आणि नानांचा अंगठा घेतला. नानांना कुणी सांगितलं नाही की त्या चहातली साखरसुद्धा गयामावशीची होती.

तिन्हीसांजेला ती आली. पुढच्या दारानं नाही, परसातून. आई चुलीपाशी बसून गॅसची शेगडी पुसत होती. परत द्यायची वस्तू पुसून द्यावी, अशी तिची शिस्त.

"ठके," गयामावशी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "गुरुजी आज सरपंचाच्या वाड्यावर मुक्कामाला हाये. उद्या खालची आळी करनार म्हनं."

"मग?"

"टीव्ही आता नेला तं दिसंल ना. दोन दिस ठेवती का तुझ्याकडंच?"

मी सूप आपटून उठले. "मावशी, तुला लाज कशी—"

"निमे, बस खाली," नाना आतून म्हणाले.

"नाना, फोडते मी तो! कुणाचा हाये? कुणाचाच नाय ना? मग फोडते!"

"लोकाची वस्तू हाये," नाना म्हणाले. "बस."

गयामावशी रडायला लागली. "भितीपायी बोलले गं मी, ठके. त्या ताडपत्रीखाली दोन पावसाळे कसे काढले ते तुला म्हाईत हाये. येवढ्यासाठी माझं घर जानार होतं."

आईनं शेगडी पुसून बाजूला ठेवली. "म्हाईत हाये," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे टीव्ही. परवा ने."

आणि दोन दिवस तो राहिला. आमच्या घरात, टेबलावर, आमच्या नावावर. आम्ही तो लावला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गयामावशीनं तो गोधडीत गुंडाळून लेकरासारखा छातीशी धरून नेला.

यादी लागली. गयामावशीचं नाव होतं, वाघांचं होतं, आमचं नव्हतं. ग्रामसभेत हरकत घेता येते असं कळलं म्हणून आई गेली, मलाही घेऊन गेली. सरपंच वाईट माणूस नव्हता. त्यानं आईचं सगळं ऐकून घेतलं.

"ठकाबाई, तुमचं खरं असंल," तो म्हणाला. "पन गावात किती गरीब धरायचे तो आकडा वरूनच ठरून आलाय. तुमचं नाव आत घ्यायचं तं एक नाव बाहेर काढावं लागतं. कोनाचं काढू सांगा. पुराव्यानिशी सांगा, आत्ता काढतो."

सगळी सभा आईकडं वळली. गयामावशी बायकांत तिसऱ्या रांगेत बसली होती, पदर तोंडाशी धरून. आईला फक्त एक नाव घ्यायचं होतं. चौकोनी डाग कुणाच्या टेबलावर आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मी आईच्या कमरेला कोपर टोचलं. "बोल ना," मी म्हणाले, "आई, बोल."

आई कितीतरी वेळ उभी राहिली. मग खाली बसली.

वाटेत मी तिला नाही नाही ते बोलले. नानांना तूच मारणार, इथवर बोलले. तिनं एवढंच म्हटलं, "कोनाची भिंत पाडून कोनाची छाती बांधायची, हे मला नाय जमत. ज्यांनी आकडा ठरवला त्यांना जमत असंल." आणि थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "आपन छाटात निघालो, निमे. मुकादम छाट परत देत नसतो."

मी आता आरोग्य खात्याची आशाताई आहे, सासरच्या गावात. घरोघर फिरते, सरकारचे नाना तऱ्हेचे प्रश्न विचारते. कुणाच्या भिंतीला नुसता खिळा दिसला तर मी तिथून नजर काढून घेते. पण आईचं ते खाली बसणं मला अजून गिळता येत नाही. ती बरोबर होती असं मी म्हणणार नाही. माझे वडील गेले.

पुढच्या फाल्गुनात गेले. पाठीशी उशी घेऊन बसल्या बसल्याच. ऐन हुताशनीच्या आदल्या दिवशी.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. माती देऊन माणसं परत आली की शेजारच्या घरातून रांधून आणतात, त्याला कडू घास म्हणतात. घरच्यांनी तो एक घास तरी खायचाच असतो. वाघांच्या सुनेनं पाणी आणून दिलं. मग पुढच्या दारानं, पदर डोक्यावर घेऊन, गयामावशी आली. तिच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. तिचं घरकुल तोवर उभं राहिलं होतं, पक्क्या विटांचं, मागच्या भिंतीसकट.

तिनं आईपुढं पान मांडलं. पिठलं आणि भात. भात जाडा, पिवळट, बोटानं दाबला तर रवाळ. त्याचा वास खोलीभर पसरला. तो वास आमच्या गल्लीत सगळ्यांना ओळखू यायचा. यादीत नाव असलेल्यांनाच मिळणाऱ्या पिवळ्या रेशनकार्डावरचा तांदूळ होता तो. आमच्या कार्डावर तो मिळत नसे.

मी ताट ढकलून द्यायला हात पुढं केला. आईनं माझा हात धरला.

"पिवळ्या कार्डावरचा ना गं, गये?" तिनं विचारलं.

गयामावशीला मान हलवतानाही कष्ट पडले. "दुसरं काय नव्हतं घरात," ती म्हणाली.

आईनं पिठल्यात भात कालवला. मोठा घास केला आणि गयामावशीच्या डोळ्यांत बघत तोंडात घातला. चावून, गिळून मग बोलली.

"वाढ अजून. त्यांच्याच वाटनीचा हाये."